दगड आणि तिरपं ऊन

डब्लिन,
२८ सप्टेंबर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी पाठवलेल्या, आयर्लंडमधल्या प्राचीन थडग्यांच्या आणि शिळावर्तुळांच्या फोटोंपैकी काही बघताना अंगावर काटा येतो आणि काहींत नुसता दगडच दिसतो, असं का, हे तू विचारलंस. उत्तर थोडक्यात देतो, मग पाल्हाळ लावतो. इथले बरेच दगड कुठल्या तरी दिशेकडे तोंड करून उभे केलेले आहेत. त्या दिशेचं ऊन त्यांच्यावर असेल तर फोटो आपोआप साधतो. भर दुपारी गेलास, तर कॅमेरा कितीही महागाचा असो, दगडच हाती लागतो.

न्यूग्रेंजचंच बघ. मीथ काउंटीत बॉइन नदीच्या वळणावरची ही थडग्याची टेकडी इ. स. पू. ३२००च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही काही शतकं जुनी. आत १९ मीटर लांबीचा दगडी बोळ, आणि प्रवेशद्वाराच्या वर एक छोटा झरोका. तो झरोका कशासाठी, हे उत्खनन करणारे प्रा. मायकल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ला पहाटे आत बसून स्वतः पाहिलं: वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमाराला उगवतीचं ऊन त्या झरोक्यातून शिरतं आणि थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतं. जेमतेम सतरा मिनिटं. त्या पहाटे आत बसायला मिळावं म्हणून लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढली जातात. इतर दिवशी गेलं तरी आत फोटो काढू देत नाहीत, आणि मला तो नियम मनापासून पटतो. त्या अंधारात उभं राहायचं, डोक्यावरची एकावर एक सरकवत नेलेली दगडी छपराची रचना बघायची. पाच हजार वर्षं झाली, अजून पाणी गळत नाही.

बाहेरची ती पांढरीशुभ्र गारगोटीच्या दगडांची भिंत, जी सगळ्या कॅलेंडरांवर असते, ती उत्खननानंतर पुन्हा रचलेली आहे. दगड तिथेच सापडलेले, पण ते असेच उभे होते का, यावर पुरातत्त्ववाल्यांत अजून वाद आहे. म्हणून मी भिंतीवर फारसा वेळ घालवत नाही. माझा जीव पायथ्याच्या ९७ शिळांत अडकतो. प्रवेशापाशी आडवी पडलेली शिळा तू चित्रात पाहिली असशील, भोवरेच भोवरे कोरलेली. वर आभाळ भरलेलं असलं की ते भोवरे सपाट दिसतात. सकाळचं ऊन एका अंगाने आलं की मात्र प्रत्येक रेघेला सावली फुटते.

कोरीवकाम नीट बघायचं तर लॉक्रूला ये. टेकड्यांवरची ही थडगीही मीथमध्येच, पण तिथे गर्दी कमी. दंतकथा अशी की एक चेटकी म्हातारी डोंगरांवरून उड्या मारत चालली होती आणि तिच्या ओच्यातून दगड सांडले, त्यांच्या या राशी झाल्या. वरच्या मोठ्या थडग्यात, ज्याला नुसतं 'टी' म्हणतात, वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला, उगवतीचं ऊन मागच्या कोरीव शिळेवर पडतं आणि तिच्यावरच्या सूर्यासारख्या आकृत्यांवरून हळूहळू सरकतं. परवाच तिकडे जाऊन आलो, पण या वेळी मी शेजारच्या पडक्या, छप्पर उडालेल्या थडग्यांत थांबलो. दिवस मावळल्यावर ट्रायपॉड लावला, शटर उघडं ठेवलं आणि टॉर्च शिळेच्या कडेला जवळजवळ टेकवून धरला. समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही. बाजूने टाकला आणि वर्तुळात वर्तुळ उमटत गेलं. जवळून पाहिलं तर त्या रेघा रेघाच नाहीत, मसुराएवढे बारीक खळगे एकाला एक लागून ठोकलेले आहेत. धातू नव्हता तेव्हा. दगडाच्या टोकाने दगडावर ठोकत नेलेली प्रत्येक रेघ. एका जागी खळग्यांची ओळ जरा खाली घसरली आहे आणि पुढे ती परत वर आणली आहे. तिथे मी टॉर्च बराच वेळ धरून बसलो.

आता एक गोष्ट जी मला खरोखर टोचते. रेघा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून लोक त्यांवर खडू फिरवतात. शिळांवर मेणबत्त्या लावतात, फटीत नाणी कोंबतात. मेणबत्तीच्या धगीने दगडाचा पापुद्रा सुटतो, दगडफूल खरवडलं की त्याच्याबरोबर वरचा थरही जातो. पाच हजार वर्षं टिकलेलं एका फोटोपायी जावं, हे मला सहनच होत नाही. टॉर्च बाजूने धरला की खडूची गरजच उरत नाही, मग हे का करायचं?

बरेन या खडकाळ प्रदेशातलं पूलनाब्रोनचं दगडी थडगं तू चित्रांत पाहिलंच असशील: क्लेअर काउंटीतल्या भेगाळलेल्या चुनखडीच्या फरशीवर उभ्या शिळांवर तिरकी ठेवलेली एक पातळ, लांबरुंद शिळा. १९८५मध्ये त्याच्या दारातल्या एका शिळेला तडा गेलेला लक्षात आला. तो दगड बदलला आणि त्या निमित्ताने ॲन लिंच यांनी तिथे उत्खनन केलं. तिशीहून जास्त माणसांची हाडं निघाली, त्यातल्या एकाच्या कमरेच्या हाडात दगडी टोक रुतलेलं होतं. हे कळल्यापासून मी त्याचा फोटो काढताना घाई करत नाही. बसगाड्या परत गेल्यावर, संध्याकाळी, दोरीच्या बाहेरून अगदी खाली बसून काढायचा. फरशीच्या भेगांत सावली भरली की मागचं आभाळ आणि ती तिरकी शिळा एवढंच राहतं.

कॉर्कमधलं ड्रॉमबेगचं शिळावर्तुळ डिसेंबरसाठी राख. त्यात दोन उंच शिळा शेजारी शेजारी आहेत आणि बरोबर समोर एक आडवी. त्या दोन उंच शिळांमध्ये उभं राहायचं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य त्या आडव्या शिळेच्या रोखाने डोंगरातल्या खाचेत मावळतो. तिथे कुठे उभं राहायचं हे फोटोग्राफरने ठरवायचं नसतं, ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं आहे. याचं मला फार समाधान वाटतं.

आणि कॅमेऱ्याने फक्त चित्रच मिळतं असं नाही. २०१८च्या जुलैत इथे कडक अवर्षण पडलं. न्यूग्रेंजच्या जवळच्या शेतावरून अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी ड्रोन उडवला, तर सुकलेल्या पिकात एक भलंमोठं वर्तुळ उमटलेलं दिसलं. हजारो वर्षांपूर्वीचे बुजलेले खड्डे ओल धरून राहिले होते, तेवढंच पीक हिरवं. पाऊस आला आणि ते पुन्हा दिसेनासं झालं.

तू येशील तेव्हा सोबत वाइड लेन्स, ट्रायपॉड आणि दोन टॉर्च आण. रेनकोट माझ्याकडे आहे, इथला पाऊस आडवा येतो. बऱ्याच जागा शेतकऱ्यांच्या कुरणात आहेत, फाटक जसं असेल तसं लावून जायचं.

पण त्याआधी एक काम करशील? नागपूरपासून जुनापाणी तुला जवळ. तिथली शिळावर्तुळं न्यूग्रेंजहून बरीच अलीकडची, लोहयुगातली, तरी काही शिळांवर ओळीने कोरलेले खळगे आहेत. भल्या पहाटे जा, ऊन वर चढायच्या आत, आणि खळगे असलेली शिळा वर्तुळात कुठल्या दिशेला बसवली आहे ते होकायंत्राने बघून लिहून ठेव. फोटो तिरप्या उन्हात काढ, खडू अजिबात नको. सगळ्या शिळांचे पाठव, चांगले निघाले नाहीत तेही.

काकूंना नमस्कार सांग, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
सुहास