ओवीचे अकरा आठवडे

सातारा,
12 मार्च

प्रिय सम्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आता सगळं नॉर्मल आहे ना रे?" मी "हो हो" म्हणालो आणि विषय तुझ्या बदलीवर नेला. प्रश्न सरळ होता, पण उत्तर एका वाक्यात बसणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

2 मार्चला ओवी दोन वर्षांची झाली. तू म्हणशील, केकचा फोटो तर डिसेंबरातच आला होता. तेही खरंच. 15 डिसेंबर ही तिची जन्मतारीख, आणि 2 मार्चला ती यायची होती. त्यात आई तिथीनं करते तो वेगळा. वर्षातून तीनदा औक्षण होतं, त्यामुळे पोरगी खूष आहे.

मधले अकरा आठवडे वजा करूनच डॉक्टर आजवर तिचं वय धरत आले. 'करेक्टेड एज' म्हणतात त्याला. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, पहिला शब्द, सगळं त्या वयानं मोजायचं. लशी तेवढ्या जन्मतारखेनं. आईला हे कधीच पटलं नाही. "टोचायला मोठी आणि बसायला लहान, हा कुठला न्याय?" पण हिशोब साधा आहे. तीन महिन्यांच्या बाळाच्या वयातून अकरा आठवडे काढले तर उरतं काय? दोन वर्षांच्या पोरीच्या वयातून काढले तर जेमतेम दहावा हिस्सा जातो. म्हणून साधारण दोन वर्षांपाशी ही वजाबाकी थांबवतात. आमची गेल्या आठवड्यात थांबली. "आता तिचं वय तेच तिचं वय," डॉक्टर म्हणाले. प्राजक्ताला हायसं वाटलं. मला मात्र दर परीक्षेला मिळणारे ग्रेस मार्क एकदम काढून घेतल्यासारखं झालं. उशिरा बसली, उशिरा चालली, की मी मनात अकरा आठवडे टाकायचो आणि पास करायचो. आता काही मागे राहिलं तर ते कशाच्या नावावर टाकू?

इनक्युबेटरच्या पेटीतले दिवस तुला माहीत आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. 29 आठवड्यांची जन्मली, 1150 ग्रॅम, आणि पायाला 'बेबी ऑफ प्राजक्ता' अशी पट्टी. आत्यानं दवाखान्याच्या जिन्यात धीर दिला होता, "सातमाशी जगतात रे, आठव्यातली जगत नाहीत." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की उलट आहे, पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा फायद्याचाच. एक गंमत तुला सांगायची राहिली होती. इतकी लहान बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, म्हणून त्यांना कॅफीन देतात. म्हणजे माझ्या पोरीनं धड दूध प्यायच्या आधी कॉफी घेतली. आणि मी शर्टाची बटणं काढून तिला छातीवर घेऊन बसायचो ना, ती कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटामध्ये 1978 साली सुरू झाली. तिथं पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी आयांनाच पेटी केलं. आमच्या दवाखान्यात मी बापमाणूस बसलेला बघून बाकीच्या बाळांच्या आज्या पदरात तोंड खुपसून हसायच्या.

लोकांना वाटतं, बाळ घरी आलं, वजन भरलं की झालं. खरं काम नंतर सुरू होतं, आणि त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नसतं, म्हणून कुणी विचारतही नाही.

खाण्याचंच घे. महिना-दीड महिना नाकातोंडात नळ्या असलेल्या बाळाला तोंडात काही आलं की धास्ती वाटते. दीड वर्षाची होईपर्यंत वरणभातही मिक्सरमधून काढावा लागायचा. एक शीत जरी अख्खं राहिलं तरी उमासे. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, भरवायची घाई नको, आधी तिला अन्नात हात घालू द्या, चिवडू द्या, फेकू द्या. म्हणजे आमच्या घरात अन्नाची नासाडी हा उपचार ठरला. आई देवापुढे माफी मागून मग भाताचं ताट ओवीपुढे ठेवायची. शेवटी पहिला रवाळ पदार्थ तिनं बिनतक्रार गिळला तो कोणता? कंदी पेढा! सातारची पोरगी शोभते. मग त्या पेढ्याच्या जोरावर मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, असं हळूहळू. अजून साबुदाणा तोंडात घेत नाही. तो माझे वडीलही घेत नाहीत, त्यामुळे हे लवकर जन्मल्यानं की घराण्यानं, सांगता येत नाही.

चालण्याचं तसंच. पाय ताठ, टाचा टेकेनात, चवड्यांवर उभी राहायची. पहिल्या वर्षात अशा बऱ्याच मुलांचं असं असतं, बहुतेकांचं सैल होतं, पण होईपर्यंत तुम्ही रात्री झोपलेल्या पोरीचे तळवे चाचपत बसता. गोल प्लास्टिकचा, आत बसवायचा वॉकर कुणीतरी भेट दिला होता. फिजिओथेरपिस्टनं तो माळ्यावर टाकायला लावला, कारण त्यात मूल आणखीच चवड्यांवर नाचतं. आईनं तिचा जुना लाकडी पांगुळगाडा काढला, तो मात्र चालला, फक्त पुढे निसटू नये म्हणून त्यावर दोन विटा बांधल्या. त्या विटा ढकलत ढकलत, दीड वर्षाची झाल्यावर, बाईसाहेब चालल्या.

चष्माही लागला. 'एवढ्याशा मुलीला चष्मा, पुढे कसं व्हायचं' हे नातेवाइकांचं ऐकून प्राजक्ता एकदा ताडकन उठून गेली. मला विचारशील तर मी त्या चष्म्याला नमस्कार करतो. डोळ्यांचा पडदा वाचलाय, हे नशीब. तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलीचं बाळ लवकर झालंय म्हणालास ना, तिला बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल, एवढं सांग: 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फार लवकरचं किंवा अगदी कमी वजनाचं असेल तर त्याहूनही आधी. बाळ अजून पेटीत आहे म्हणून थांबायचं नाही. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर लेझरची वेळ फार थोडे दिवस हातात असते.

आता तुझ्यामाझ्यातली गोष्ट. तुझा निनाद 27 फेब्रुवारीचा. खरं तर दोघं एकाच आठवड्यात जन्मायची होती, आपण दोघांनी त्यावर केवढे बेत केले होते! निनादच्या पहिल्या वाढदिवसाला तू तो हॉलभर पळतानाचा व्हिडिओ पाठवलास, तेव्हा ओवी रांगत होती. त्यानंतर तुझे व्हिडिओ थांबले. स्नेहलवहिनींनी प्राजक्ताला नंतर सांगितलं, तूच मुद्दाम बंद केलेस. लेका, समजूतदारपणा पुरे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या पोराचं धावणं आमच्यापासून लपवावं लागतं, याचं त्याहून जास्त वाटलं. व्हिडिओ पाठव. तो कालपरवा गाणं म्हणत होता म्हणे, तेही.

आणि एक सल्ला हवाय. महाराष्ट्रात नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. ओवी 15 डिसेंबरची, म्हणजे याच जूनला ती पात्र. वेळेवर जन्मली असती तर निनादसारखी पुढच्या वर्षी गेली असती. लवकर आली म्हणून आता शाळेतही लवकर, आणि तिथं सगळ्यांत धाकटी. अशा मुलांचं लक्ष लागणं, गणित, लिहिणं यातले काही अडथळे शाळेत गेल्यावरच दिसतात, हे डॉक्टरांनी आधीच कानावर घातलंय. तू विचारलेल्या 'नॉर्मल'चं उत्तर म्हणून मी आज देऊ शकत नाही. आज ती धावते, "बाबा, नको ना" म्हणते, मांजराशी भांडते. पुढचं पुढे.

नियमात वय किमान आहे, थांबायला बंदी नाही. मी एक वर्ष थांबायच्या मताचा. डॉक्टरांनी वजाबाकी बंद केली असेल, मी या एका कामासाठी ती अजून वापरणार आहे. आईचं म्हणणं, वर्ष वाया कशाला घालवायचं. प्राजक्ता दोन्हीकडून बोलते. वहिनी शाळेत शिकवतात, त्यांना विचार आणि त्यांचं मत कळव, तुझं नको.

मे महिन्यात येताय ना? निनादचे लहान झालेले कपडे फेकू नका, येताना घेऊन या, ओवीला अजून दीड वर्षाचेच बसतात. पेढे मी आणून ठेवतो, पण ते तिच्यासमोर काढायचे नाहीत.

तुझा,
विन्या