सूनबाई, तुझ्यामुळे पाहिलेले पिक्चर

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

समोरासमोर हे मला बोलता येणार नाही आणि चार लोकांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या तरुणपणी पुण्यात अलका टॉकीजला इंग्रजी पिक्चर लागायचे. आमच्या घरातल्या बायका त्या वाटेला जात नसत. पुढे नोकरी, संसार, सासूबाईंचं आजारपण. साठी उलटल्यावर तू एकदा चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' लावलास आणि म्हणालीस, "आई, याला इंग्रजी लागतच नाही." १९३१ साली सगळीकडे बोलपट सुरू झालेले असताना या माणसाने हट्टाने मूकपट काढला! शेवटी दृष्टी आलेली फुलवाली त्या फाटक्या माणसाच्या हातात नाणं ठेवते आणि नुसत्या स्पर्शाने त्याला ओळखते. मी पदर डोळ्यांना लावला. तू काही न बोलता दिवा लावायचा थांबलीस, हे मी पाहिलं होतं.

नंतरचा क्रमही तू विचार करून लावलास. 'इट हॅपन्ड वन नाइट' आधी, कारण त्यावरून काढलेला हिंदी 'चोरी चोरी' मला पाठ. गोष्ट माहीत असली की खालची अक्षरं धावली तरी धांदल होत नाही. मग '१२ अँग्री मेन'. त्याचाच हिंदी अवतार 'एक रुका हुआ फैसला' मी पाहिलेला, त्यामुळे तू म्हणालीस, "आज गोष्ट सोडा, कॅमेरा बघा." खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेल्या त्या बारा ज्युरींकडे तो सुरुवातीला वरून बघतो, मग हळूहळू खाली उतरतो. भिंती जवळ येतात, शेवटी छत दिसायला लागतं आणि आपल्यालाच कोंडल्यासारखं होतं. इतकी वर्षं सिनेमे बघून हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

पण खरे आभार 'मेक वे फॉर टुमॉरो'चे. लिओ मॅकॅरी यांचा, १९३७ चा. म्हातारा-म्हातारीचं घर जातं, पाच मुलांपैकी कुणालाच दोघांना एकत्र ठेवून घेणं जमत नाही, म्हणून आई एकाकडे, वडील दुसरीकडे. सून घरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे वर्ग घेत असते. पाहुणे पत्ते खेळतायत आणि म्हातारीला नवऱ्याचा फोन येतो. ती मोठमोठ्याने बोलते, जपून राहा म्हणते. आधी पाहुणे अवघडतात, मग एकेकाची मान खाली जाते. आणि यात कुणीही दुष्ट नाही गं! त्या सुनेची अडचणही पटते, म्हातारीचंही पटतं. शेवट गोड करा म्हणून स्टुडिओ मागे लागला होता, मॅकॅरी बधले नाहीत. त्यांचं मोठेपण मला तिथेच दिसलं.

सासूला हा पिक्चर दाखवावा का, असा प्रश्न तुला पडला असेलच. रिमोट हातात धरून तू जरा थांबली होतीस. तरी लावलास. मला जपायचं म्हणून हलकंफुलकं काहीतरी लावणं सोपं होतं. म्हाताऱ्या माणसांना लोक भजन नाहीतर मालिका लावून देतात. तू मला सगळं झेपेल असं धरून चाललीस, आणि त्या रात्री आपण दोघी ओट्यापाशी उभ्या राहून ज्या गोष्टी बोललो, त्या इतक्या वर्षांत बोललो नव्हतो.

तू ऑफिसातून दमून येतेस. तरी मी "थांब, हे काय म्हणाला?" असं म्हटलं की लगेच थांबवतेस, मागे नेतेस, पुन्हा लावतेस. एकदाही सुस्कारा टाकला नाहीस. त्याबद्दल मनापासून आभार.

शनिवारी बिली वाइल्डर यांचा 'द अपार्टमेंट' लावायचा ठरलाय. स्वयंपाक मी उरकून ठेवते, तू फक्त वेळेवर ये.

तुझी,
आई