एकाच ट्रॅकवर घासत बसून नवा रेसर फास्ट होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रीडा पानावर नव्या मोटरसायकल रेसर्सबद्दलचा लेख वाचला. या पोरापोरींवर कुणीतरी लिहितंय हे बघून बरं वाटलं, पण त्यातला एक सल्ला वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की नवख्याने एकच सर्किट धरावं आणि ते तोंडपाठ होईपर्यंत दुसरीकडे फिरकूच नये. मी स्वतः बरीच वर्षं हौशी रेसिंग केलंय आणि आता नव्या मुलांना शिकवतो, माझा अनुभव याच्या अगदी उलटा आहे. सुरुवातीचे तीन-चार ट्रॅक डे (हौशींना ट्रॅकवर सरावाला मिळणारे दिवस) एका जागी ठीक, म्हणजे झेंड्यांचे इशारे कळावेत, दुसऱ्याच्या लाइनमध्ये (बाईक नेण्याच्या वाटेत) घुसू नये, घाबरून मधेच ब्रेक दाबू नये एवढं अंगवळणी पडायला. त्यानंतर मात्र ट्रॅक बदलायलाच हवा, नाहीतर लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, एका आकड्यावर अडकतो तो अडकतोच.

माझंच सांगतो. पहिले दोन सीझन मी एकाच ट्रॅकवर काढले. डांबराच्या कुठल्या जोडावर ब्रेक धरायचा, कर्बचा (ट्रॅकच्या रंगवलेल्या कडेचा) रंग जिथे उडालाय तिथे गुडघा टेकवायचा, कुठे थ्रॉटल उघडायचा, सगळं पाठ होतं आणि मला मनापासून वाटायचं की आपल्याला ब्रेकिंग जमतं. मग पहिल्यांदा दुसऱ्या सर्किटवर गेलो आणि ज्यांना मी नेहमी आरामात मागे टाकायचो तीच मुलं माझ्यापुढे सात-सात सेकंद, कारण ती चार ठिकाणी चालवून आलेली. त्या दिवशी संध्याकाळी पिटमध्ये बसून कळलं की मला ब्रेकिंग येतच नव्हतं, मला फक्त एक जागा माहीत होती, तो डांबराचा जोड काढून घेतला की मी शून्य.

यामागे साधं गणित आहे. बाईकची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० च्या ऐवजी २५० ने पोचलात तर वेग सव्वापट झाला पण ब्रेकला खायची ऊर्जा दीडपटीच्याही वर गेली. ज्याने कायम २०० वरूनच ब्रेक मारलाय त्याचा अंदाज इथे साफ चुकतो, एकतर तो फार लवकर ब्रेक धरतो नाहीतर कॉर्नर सोडून सरळ वाळूत जातो. इटलीतल्या मुजेलो सर्किटचा सरळ पट्टा १.१४१ किलोमीटरचा आहे, २०२३ मध्ये मोटोजीपी या बाईक रेसिंगच्या सर्वोच्च मालिकेतल्या ब्रॅड बिंडरने तिथे ३६६.१ किमी प्रतितास गाठला होता, आणि पट्टा संपताच सान डोनाटोचा चढावरचा उजवा कॉर्नर येतो. चढावर ब्रेकला मदत मिळते. तोच कॉर्नर उतारावर असता तर पुढच्या टायरवर भलताच भार आला असता. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही हो, हाताला आणि पोटाला कळावा लागतो, आणि त्यासाठी चढाचे, उताराचे, लांब पट्ट्याचे, बिनपट्ट्याचे असे सगळे ट्रॅक अंगावर घ्यावे लागतात.

दुसरं उदाहरण जर्मनीतल्या साक्सेनरिंगचं, हे मला सगळ्यात आवडतं. ट्रॅक छोटा, ३.७ किलोमीटरच्याही आत, १३ कॉर्नर आणि त्यातले १० डावे. डावीकडे वळत वळत इतका वेळ जातो की टायरची उजवी बाजू गार होते, आणि मग येतो अकरावा कॉर्नर, उजवा, वेगवान आणि लगेच उतार. तिथे भलेभले पडलेत. तो रायडर वेडावाकडा चालवत होता असं काही नसतं, टायर गार असतो एवढंच. ज्याच्या नेहमीच्या ट्रॅकवर डावे-उजवे कॉर्नर सारखे आहेत त्याला टायरची एक बाजू गार होते हे माहीतच नसतं, कारण त्याच्यावर ती वेळच कधी आलेली नसते. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडलाही तसंच, डावे कॉर्नर जास्त आणि वर समुद्राचा गार वारा. शिवाय तिथला लुकी हाइट्स हा कॉर्नर, चढून गेलं की माथ्यावर डावं वळण, पलीकडचं काहीच दिसत नाही आणि लगेच खाली उतरून उजवा हेअरपिन. न दिसणाऱ्या कॉर्नरवर विश्वास ठेवून बाईक टाकायची सवय सपाट ट्रॅकवर लागणार कशी?

स्पेनचा रायडर मार्क मार्केझ साक्सेनरिंगला २०१० पासून २०१९ पर्यंत ओळीने दहा वर्षं जिंकला, आधी १२५ सीसी मग मोटो२ या खालच्या वर्गांत, मग मोटोजीपीत, आणि २०२१ मध्ये परत. लोक म्हणतात तो उपजतच तसा आहे. असेल, पण तो लहानपणापासून मातीच्या ट्रॅकवर डावीकडे घसरत सराव करतो हे विसरून कसं चालेल. याहून मोठी गोष्ट २०१३ ची, मोटोजीपीमधलं त्याचं पहिलंच वर्ष. अमेरिकेतलं लगुना सेका सर्किट त्याने आधी कधी चालवलेलं नव्हतं, तिथला कॉर्कस्क्रू म्हणजे डावं-उजवं वळण आणि तेवढ्यात साधारण १८ मीटरचा उतार, आणि हा पहिल्याच भेटीत तिथे अनेकदा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या रोसीला ओव्हरटेक करून रेस जिंकला. त्याच वर्षी ऑस्टिनच्या नव्या कोऱ्या सर्किटवरही जिंकला, तिथे आदल्या महिन्यात टेस्ट झाली होती हे मान्य, पण तरी. ट्रॅक पाठ असणं आणि कुठलाही ट्रॅक वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरच्या लेव्हलला दुसरीच लागते.

लागतेच, कारण वेळच नसतो. मोटोजीपीत आता सरावाला शुक्रवारी सकाळी ४५ मिनिटं आणि दुपारी एक तास, आणि त्या दुपारच्या तासातले पहिले १० जण थेट क्यू२ मध्ये, म्हणजे क्वालिफायिंगच्या (रेसमधल्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सेशनच्या) शेवटच्या टप्प्यात. म्हणजे मोजक्याच लॅपमध्ये टायर, गिअरिंग, लाइन सगळं जुळवून फास्ट व्हायचं. खालच्या क्लबच्या रेसमध्ये तर कधीकधी पंधरा-वीस मिनिटांची एक प्रॅक्टिस आणि लगेच क्वालिफायिंग. जो दोन सेशनमध्ये ट्रॅक शिकतो तो पुढच्या रांगेत, जो दोन दिवसात शिकतो तो शेवटच्या रांगेत, मग हुशारी कितीही असू दे.

१९७८ मध्ये कर आणि बूथ या दोघा संशोधकांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, तो मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. एका गटाने तीन फुटांवरच्या लक्ष्यावर छोट्या पिशव्या फेकायचा सराव केला, दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर कधीच नाही. शेवटी परीक्षा तीन फुटांवर, आणि आठ वर्षांच्या मुलांमध्ये सरस ठरला दुसरा गट! ज्यांनी ते अंतर कधी केलंच नव्हतं ते जिंकले. पिशवी फेकणं आणि रेसिंग एक नाही हे मलाही कळतं, पण अंग कसं शिकतं याबद्दल तो प्रयोग जे सांगतो ते मी ट्रॅकवर डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडची एक मुलगी सबंध वर्ष एकाच टाइमवर अडकली होती, रडकुंडीला आली होती, बाईक विकते म्हणाली. तिला मी तीन महिने नेहमीच्या ट्रॅकवर येऊच दिलं नाही, एका वळणावळणाच्या अरुंद ट्रॅकवर पाठवलं, मग एका लांब पट्ट्याच्या, आणि मधल्या वेळात गो-कार्टच्या ट्रॅकवर छोट्या बाईकवर. परत आली तेव्हा दुसऱ्याच सेशनला तिचा जुना टाइम मोडला. बाईक तीच, सेटिंग तेच, फक्त तिची नजर आता लांब जात होती, पुढच्या चाकासमोर बघणं सुटलं होतं.

हे नजरेचं जरा सविस्तर लिहितो कारण सगळं इथेच आहे. ओळखीच्या ट्रॅकवर डोळे आळशी होतात, हात आपोआप चालतात आणि चुकीची सवयही त्यांच्यासोबत पक्की होते. नव्या ट्रॅकवर बघावंच लागतं. कॉर्नर आत जाऊन आवळतोय का? मग अपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ जायची जागा) उशिरा घ्यायचा आणि ट्रेल ब्रेकिंग (बाईक झुकवतानाही ब्रेक हळूहळू सोडत राहणं) लांबवायचं. रस्ता बाहेरच्या बाजूला कललाय का, मग झुकवताना जपून. मी मुलांना पहिल्या सेशनला टायमर बंद करायला लावतो, त्याआधी परवानगी असेल तर पायी ट्रॅक फिरवतो, आणि एकच प्रश्न विचारतो की सगळ्यात लांब पट्ट्याच्या आधीचा कॉर्नर कुठला? तो आधी नीट कर, कारण तिथून बाहेर पडताना मिळवलेला वेग सबंध पट्टाभर तुझ्यासोबत येतो, बाकीचे कॉर्नर नंतर बघू. दुसऱ्या सेशनला ब्रेक मार्कर, पण मुद्दाम लवकरचे, आणि मग दर दोन-तीन लॅपला थोडं थोडं पुढे सरकवायचं. चार-पाच ट्रॅकवर हे असंच केलं की मुलं ते स्वतःहून करायला लागतात, मला सांगावं लागत नाही.

नवख्या मुलांच्या रूकीज कपचं उदाहरण घ्या, रेड बुलवाली ती सिरीज २००७ पासून चालू आहे. सगळ्यांना सारखी बाईक आणि दर राउंडला वेगळं ग्रां प्री सर्किट, म्हणजे कोण किती लवकर शिकतो हेच दिसतं. होर्हे मार्टिन २०१४ चा चॅम्पियन, तो २०२४ मध्ये मोटोजीपीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. पेद्रो अकोस्ता २०२० ला तिथे जिंकला आणि पुढच्याच वर्षी मोटो३ या खालच्या वर्गात पदार्पणातच वर्ल्ड चॅम्पियन झाला. हे नुसत्या ट्रॅक बदलण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, मुळात निवडच कडक असते. पण एवढी वर्षं ती शाळा एकाच ट्रॅकवर का नाही चालवली याचा विचार करा.

आता खर्चाचा मुद्दा, तो खरा आहे आणि मला तो झटकून टाकायचा नाही. प्रवास, टायर, सुट्ट्या, सगळ्यांना झेपत नाही. अशांनी निदान त्याच सर्किटचा वेगळा लेआउट असेल तर तो घ्यावा, पावसाचं सेशन सोडू नये, कार्ट ट्रॅकवर छोटी बाईक चालवावी, मातीवर चालवावी. सिम्युलेटरने वळणांचा क्रम पाठ होतो, ग्रिप कळत नाही, तेवढ्यापुरता तो चांगला. उलट दिशेने चालवणं मात्र आयोजकांनी तशी सोय केली असेल तरच, कारण रन-ऑफ (ट्रॅकबाहेर थांबायची मोकळी जागा), बॅरियर आणि मार्शलच्या जागा एकाच दिशेचा विचार करून ठरवलेल्या असतात, आपल्या मनाने असलं काही करू नये.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की नवख्यांची सिरीज सगळीच्या सगळी एका सर्किटवर, एकाच लेआउटवर ठेवू नका. दुसरं सर्किट शक्य नसेल तर दोन लेआउट आलटून पालटून ठेवा, आणि नव्या लेआउटला सकाळचं एक सेशन बिनटायमरचं द्या, पुढे एक अनुभवी रायडर आणि मागे चार-पाच नवी मुलं, लाइन बघत. आणि आपल्या पेपरला विनंती की पुढच्या वेळी अशा मुलांवर लिहाल तेव्हा त्यांचा बेस्ट लॅप विचाराच, पण तो कितव्या ट्रॅकवरचा आणि तिथल्या कितव्या सेशनचा हेही विचारा.

आपला,
एक जुना रेसर