चौरस फुटाचा भाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘ब्लू पोल्स’वरचा लेख दोनदा वाचला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९७३ साली जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचे ते चित्र १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतले, लोकांनी पंतप्रधान व्हिटलमना शिव्या घातल्या, आज तेच चित्र कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाची शान आहे. तेव्हा आमच्या गोवा सरकारनेही साळगावचे चित्रकार एफ. एन. सूझा यांची चित्रे घ्यायला कचरू नये, असे आपले विद्वान लेखक म्हणतात. घ्यावीत की. माझी ना नाही.

मी बोर्ड रंगवणारा माणूस, आमचा हिशेब चौरस फुटाचा. ते चित्र साधारण ७ बाय १६ फूट. म्हणजे फुटाला साडेअकरा हजार डॉलर पडले! त्यातला एक सेंटही पोलॉकच्या हाती लागला नाही. तो १९५६ सालीच मोटार अपघातात गेला होता, पैसे गेले चित्र बाळगून बसलेल्याला. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

सरकारी कलाखरेदी मीही अनुभवली आहे. एका कार्यालयाच्या कुंपणाच्या भिंतीवर काजूची झाडे, होडी आणि दूधसागर काढायचा होता. ६० बाय ५ फूट, दर २५ रुपये. साहेब म्हणाले, धबधबा जरा रुंद करा. केला. साडेसात हजारांचे बिल दिले आणि पणजीच्या खेपा सुरू झाल्या. दोन महिन्यांनी कोणी मंत्री येणार म्हणून अख्खी भिंत रातोरात पांढरी केली. (चुनेवाल्याचे पैसे मात्र आठवड्यात मिळाले, त्यानेच सांगितले.) त्यानंतर माझी फाइल मोजमापाला निघाली. पाहणीला आलेला ज्युनियर इंजिनिअर भिंतीसमोर उभा राहून म्हणतो, “वण्टीचेर कितेंच ना मरे!” (भिंतीवर काहीच नाही की!) मी नखाने चुना खरवडला. खाली वीतभर दूधसागर निघाला, निळा कसा तो बघत राहावा. तर म्हणे, “इतकाच मोजू?” फाइलवर शेरा पडला: प्रत्यक्ष जागेवर काम आढळले नाही.

व्हिटलमना लोकांनी नावे ठेवली असतील, पण पैसे मोजून चित्र भिंतीवर तरी टांगले त्यांनी.

आणखी एक. लेखासोबत आपण ‘ब्लू पोल्स’ छापलेत, तेही काळेपांढरे. निळे खांब कोणते ते शोधायला नातवाच्या मोबाइलवर जावे लागले. त्याच पानावर खाली बाथरूमच्या टाइल्सची जाहिरात आहे, ती मात्र चार रंगांत.

आपला,
एक निवृत्त पेंटर, डिचोली