पाडव्याच्या गुढीवरनं घरात भांडणं नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फाल्गुन लागला की माझा धाकटा चप्पल सोडतो. संभाजी महाराजांचा बलिदान मास पाळतो, महिनाभर चहा नाही, गोड नाही, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, गेल्या वर्षी तळपायाला फोड आले तरी तसाच कारखान्यात जायचा, रात्री मी खोबरेल लावून द्यायचे. मला अभिमानच वाटतो त्याचा. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला पकडलं आणि ११ मार्चला तुळापूरला मारलं, सव्वा महिना हाल हाल केले तरी राजा वाकला नाही, त्याच्यासाठी पोरं अनवाणी चालायलेत तर चालू देत.

पण ती तिथी फाल्गुन अमावस्येची, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. मी वेळूची काठी धुऊन साडीच्या निऱ्या घालायले तर हा मोबाईल घेऊन आला, आई गुढी नको, तो पालथा तांब्या म्हणजे महाराजांचं मस्तक, एका जातीच्या लोकांनी आनंद म्हणून हे सुरू केलं म्हणे. हातातली साखरेची गाठी हातातच राहिली माझ्या. तेवढ्यात शेजारचे दारात आले नि गुढी न उभारणारा धर्मद्रोही म्हणून मोकळे झाले. ज्या पोरानं महिनाभर पाय भाजून घेतले त्याला! शेवटी ११ वाजता मी एकटीनंच गुढी उभारली, तो जेवायलाही आला नाही.

आता मी फार शिकलेली नाही, पण वारीला जाते. 'टाळी वाजवावी, गुढी उभारावी, वाट ही चालावी पंढरीची' हा चोखोबांचा अभंग आहे. आणि चोखोबा आपल्याच मंगळवेढ्यात १३३८ ला गावकुसाच्या भिंतीखाली गेले, म्हणजे महाराजांच्या आधी साडेतीनशे वर्षं. अभंग पाडव्याचा नाही, वारीचा आहे, कबूल, पण गुढी ही आनंदाची खूण तेव्हाच होती की, आणि ती गाणारा माणूस गावकुसाबाहेरचा होता. मग महाराजांच्या मरणावर ती कुणी सुरू केली म्हणायचं कसं?

संभाजी महाराज धर्मवीर की स्वराज्यरक्षक, हा वाद २०२२ ला विधानसभेपर्यंत गेला. माझ्या मते दोन्ही खरंय. आपल्या चार पुतळ्याला, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना, हार घालताना धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन यांच्यात कोण कुठल्या धर्माचा असं विचारतं का कुणी? चौघांनाही १२ जानेवारी १९३१ ला एकाच दिवशी फासावर दिलं.

माझी एवढीच विनंती आहे, यंदा अमावस्येच्या आदल्या दिवशी चोखोबांची ती ओळ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा, कारण मेसेज त्याच रात्री फिरायला लागतात आणि माझा मुलगा तुमचा पेपर वाचतो.

आपली,
एक वाचक, सोलापूर