आपण "त्यांच्यासारखे नाही" हे किती वर्षं सांगत राहणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मी गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत राहते. तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचते आणि इथल्या मराठी मंडळांच्या बातम्या, गणपतीचे फोटो, ढोलताशा पथकं असं सगळं त्यात दिसलं की खरंच बरं वाटतं. पण मागच्या महिन्यात जे बघितलं ते कुठल्याच बातमीत येणार नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या गावाच्या प्लॅनिंग बोर्डाची मीटिंग होती, विषय अफोर्डेबल हाउसिंग, म्हणजे कमी पगाराच्या माणसांना परवडतील अशी घरं गावात किती आणि कुठे बांधायची. हॉल गच्च भरलेला आणि माईकपुढच्या रांगेत निम्म्याहून जास्त आपलेच देशी लोक. त्यात एक मराठी गृहस्थ, ज्यांच्याकडे मी दरवर्षी हळदीकुंकवाला जाते, ते उभे राहिले आणि शाळेचं रेटिंग पडेल, ट्रॅफिक वाढेल, घरांच्या किमती उतरतील असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, आम्ही शिकून कष्ट करून इथे आलो, आम्ही त्या लोकांसारखे नाही. टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्याच रांगेत एक काळ्या आजी बसल्या होत्या, मांडीवर फाईल, बोलायला म्हणून कागदावर मुद्दे लिहून आणलेले. त्यांनी चष्मा काढला, कागद नीट घडी करून फाईलमध्ये ठेवला आणि निघून गेल्या. मी काहीच बोलले नाही, आणि तेच मला अजून टोचतंय.

त्या रात्री झोप येईना म्हणून घराची जुनी कागदपत्रं काढून बसले. आमचं घर १९३० च्या दशकातलं, खरेदीच्या वेळी वकिलाने एक जाड गठ्ठा दिला होता तो कधी कोणी उघडून वाचला नव्हता. त्यात मूळ खरेदीखताची कॉपी निघाली आणि त्यात टाइपरायटरवर लिहिलेली अट, की घरकामाचे नोकर सोडून गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही या जागेत राहता येणार नाही. मी ते तीनदा वाचलं. म्हणजे ज्या किचनमध्ये बसून मी हे वाचत होते तिथे मी भांडी घासायला चालले असते, मालकीण म्हणून नाही. अशा अटी तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी असायच्या. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं अशा अटी अमलात आणू शकत नाहीत, आणि १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर सातच दिवसांनी घराच्या बाबतीत भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. ही लढाई काळ्या लोकांनी लढली, कोर्टात पण आणि रस्त्यावर पण, आणि त्या घरात आज आपण राहतोय.

"आम्ही त्यांच्यासारखे नाही" हे वाक्य काही नवीन नाही हेसुद्धा सांगायचंय. भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. थिंड यांच्या बाजूने कोर्टात असं मांडलं गेलं नाही की हा नियमच चुकीचा आहे, मांडलं काय तर आम्ही आर्य, उच्च जातीचे, आमच्याकडे खालच्यांशी लग्नसंबंध जोडत नाहीत जसे तुम्ही निग्रोंशी जोडत नाही, म्हणून आम्हाला गोऱ्यांत धरा! १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही, विषय संपला. आणि त्या निकालानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यातल्या कित्येकांचं काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई त्यातलेच, सगळं गमावून त्यांनी १९२८ मध्ये जीव दिला. जात पुढे करून उपयोग काय झाला? १९४६ मध्ये कायदा बदलला तरी भारताला कोटा वर्षाला फक्त १०० माणसांचा. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ साली. त्याच्या आदल्या वर्षी वंशभेदाला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा, आणि ऑक्टोबरमध्ये देशानुसार कोटा ठेवणारी इमिग्रेशनची जुनी पद्धत गेली. माणसामाणसात भेद करणारे कायदे चालणार नाहीत हे ज्यांनी मार खाऊन देशाला पटवलं त्यांच्यामुळे आपल्या काकामामांना व्हिसा मिळाला.

आणि ज्या घरांना त्या दिवशी विरोध चालला होता त्यांचा इतिहास तर आमच्या राज्यातलाच आहे. माउंट लॉरेल गावात एथेल लॉरेन्स यांचं काळं कुटुंब पिढ्यानपिढ्या राहायचं, पण गाव श्रीमंत व्हायला लागलं तशी गरिबांची मोडकी घरं जायला लागली. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी ३६ फ्लॅटची परवानगी मागितली, गावाने ती दिली नाही, मग केस. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वाढत्या गावांना गरिबांसाठी पण जागा ठेवावीच लागेल. बाई १९९४ मध्ये गेल्या, त्यांच्या नावाची घरं २००० साली उभी राहिली. नंतर प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहिलं तर आजूबाजूची गुन्हेगारी त्या घरांमुळे वाढली नाही, किमती पडल्या नाहीत, टॅक्स चढला नाही. हे आमच्या हॉलमध्ये एकालाही माहीत नव्हतं, मला पण नव्हतं, घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं.

आपल्याकडे तर हे कळायला दीडशे वर्षांपूर्वीची वाट होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. ते कधी अमेरिकेला गेले नव्हते तरी पुण्यात बसून त्यांना दिसलं की तिकडचा गुलाम आणि इकडचा शूद्र यांचं दुखणं एकच आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं तेही याच नात्याने. थिंड यांच्या वकिलांनी मांडलं ते एक आणि फुल्यांनी मांडलं ते दुसरं, दोन्ही आपलंच, आणि आपण इथे येऊन नेमकं पहिलंच उचललं याचं मला फार वाईट वाटतं.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. इथल्या मराठी शाळांमध्ये आपण मुलांना शिवाजी महाराज शिकवतो, ते शिकवायलाच हवेत, पण त्याच वर्गात थिंड आणि एथेल लॉरेन्स यांनाही एकेक रविवार द्या. न्यू जर्सीने २०२२ मध्ये शाळांत एशियन अमेरिकन इतिहास शिकवायचा कायदा केलाय, म्हणजे मुलं शिकतील, पण मीटिंगमध्ये बोलणाऱ्या आईवडिलांना कोण सांगणार? आणि तुम्हाला विनंती ही की अमेरिकेतल्या मराठी लोकांवर पुरवणी काढाल तेव्हा आम्ही किती कंपन्या काढल्या याच्या शेजारी एक पान आम्ही कोणाच्या खांद्यावरून इथे आलो यालाही द्या.

पुढची मीटिंग येत्या महिन्यात आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव दिलंय, खरेदीखताची कॉपी सोबत नेणार आहे. त्या आजी कुठे राहतात ते लायब्ररीतून कळलं, शनिवारी त्यांच्याकडे जाऊन आधी माफी मागते आणि त्यांच्या कागदावर काय लिहिलं होतं ते विचारते.

आपली,
न्यू जर्सीतली एक वाचक