कोंबड्यांनाही लसीचा वार हवा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गावठी अंड्यांना मुंबईत आलेल्या भावाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं. भाव खरा आहे. पण ते अंडं घालणारी कोंबडी या शहरात जगते कशी आणि मरते कशी, यावर त्यात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र, आणि कोंबड्यांच्या लसीसाठी ठरलेला दिवस मिळावा ही मागणी.

मी मनोरीला, मुंबईतल्याच पण खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात राहते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. सासूबाईंच्या वेळेपासूनचं खुराडं माझ्याकडे आलं. कोंबड्या हा आमच्या घरात शौक नव्हता आणि धंदाही नव्हता. उरलेला भात वाया जाऊ नये आणि अवेळी पाहुणा आला तर बाजाराकडे धावायला लागू नये, एवढाच हिशेब. आज दारात नऊ कोंबड्या, दोन कोंबडे, चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) आणि एका खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी आहेत.

सकाळी खुराड्याची फळी काढली की मी आधी वास घेते. डोळ्यांना झोंबला तर खालचं तूस बदलायचं. मग शीट बघायची. बाळाची लंगोटी बघून त्याची तब्येत सांगणाऱ्या बाईला हे वेगळं शिकावं लागत नाही. पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून जूनच्या आधी खुराडं विटांवर चढवून घेते. खायला कणी, कोंडा, रात्रीचा भात, आणि कोळीवाड्यात राहण्याचा फायदा म्हणून जवळ्याचा चुरा. तो बेताने द्यायचा. जास्त झाला तर अंड्याला मासळीचा वास येतो आणि आमचे जावई पहिल्या घासाला ओळखतात. तिसऱ्यांची शिंपलं मी टाकत नाही, वाळवून कुटून ठेवते. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, ते कोंबडीने आणायचं कुठून? शिंपलं बंद झाली की कवच पातळ होतं, कधीकधी नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेलं अंडं हाताला लागतं.

राखणदारी हा वेगळाच उद्योग. दिवसा पिल्लांवर घार आणि कावळे, खारफुटीतून येणारं मुंगूस, रात्री घूस. घूस जमीन उकरून आत शिरते, म्हणून खुराड्याच्या तळाला जाळी आहे. पिल्लं महिन्याची होईपर्यंत डालग्याखालीच.

खुडूक कोंबडी बसली की एकवीस दिवस घरात तिचाच शब्द चालतो. अंडी तीच फिरवते, तीच झाकते, आणि दिवसातून एकदा उठून खाऊन-पिऊन परत येते. आठवड्याने अंधारात अंडं टॉर्चवर धरायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसता उजेड दिसला तर ते काढून टाकायचं. एवढं करून गावठी कोंबडी वर्षाला अंडी देते साठ ते ऐंशी. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या वर जाते. तेव्हा गावठी अंड्याला भाव जास्त, यात नवल काहीच नाही. नवल आहे ते तपकिरी अंडं दिसलं की गावठी समजून पैसे मोजणाऱ्यांचं. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्याही घालतात. असो.

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी एप्रिलात आमच्या आळीत बाजारातून आणलेले कोंबडे आले. दोन-चार दिवसांत ते चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागले. मग हिरवट पातळ शीट, पंख लोंबलेले, आणि शेवटी मान अशी पिरगळलेली की कोंबडी उलटी आभाळाकडे बघतेय. जुनी माणसं या रोगाला मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत म्हणतात. विषाणूचा रोग, औषध नाही. शीट, धूळ, चपला, सगळ्यांतून पसरतो. आठवड्याभरात ओळीने खुराडी रिकामी झाली. माझ्याकडे एक म्हातारी कोंबडी तेवढी वाचली, का वाचली ते तीच जाणे.

मेल्या कोंबड्यांपेक्षा वाईट होती ती गावातली कुजबुज. बर्ड फ्लू! २००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, हे सगळ्यांना टीव्हीवरून पाठ. बर्ड फ्लू ठरला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं मारतात, हेही पाठ. मग कोण कळवणार? लोकांनी मेलेली पाखरं रात्री गोणीत भरून खाडीत सोडली. भरतीने त्यातली काही परत आणून धक्क्याशी लावली आणि सकाळी कावळे जमले. चुना टाकून खोल पुरा, असं मी दारोदार सांगत होते. वरवर बघून मानमोडी कुठली आणि बर्ड फ्लू कुठला हे डॉक्टरालाही खात्रीने सांगता येत नाही. नमुने प्रयोगशाळेत जावे लागतात, बर्ड फ्लूचा शेवटचा निकाल भोपाळच्या संस्थेतून येतो. ज्या गावात मानमोडीची लस नियमित टोचलेली आहे तिथे कोंबड्या पटापट मेल्या तर धोका लगेच लक्षात येईल. आमच्यासारख्या गावात दर उन्हाळ्यात मरतातच म्हणून कोणी बघणारही नाही. लस ही फक्त माझ्या नऊ कोंबड्यांची सोय नाही, ती समोरच्या काठावरच्या टॉवरवाल्यांचीही सोय आहे.

लस आहे, जुनी आहे, महागही नाही. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बी या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. पुण्याला औंधमध्ये राज्य सरकारची संस्था लसी बनवते. अडचण आहे ती बाटलीत. ती शंभर डोसची, नाहीतर त्याहून मोठी. दोन ते आठ अंशांत ठेवायची आणि एकदा द्रावण मिसळलं की दोनेक तासांत संपवायची. पोल्ट्रीवाल्याला हजाराची बाटलीही कमी पडते. माझ्याकडे मोजून पंधरा पाखरं. उरलेले पंच्याऐंशी डोस मोरीत ओतायचे का?

आम्ही बायकांनी वर्गणी काढून बाटली आणून पाहिली. लस थर्मासमध्ये बर्फात ठेवून मालाडहून मार्व्याला आणि फेरीबोटीने गावात. बर्फाचा प्रश्न कोळीवाड्यात नसतो, ते एकच सोपं होतं. बाटली फोडली ती भर दुपारी, कारण सगळ्यांना तेव्हाच वेळ होता. कोंबड्या कौलांवर, माडाच्या बुंध्यामागे, एक तर थेट चर्चच्या आवारात. अर्ध्या पाखरांना लस मिळेपर्यंत वेळ संपली. कोंबडी धरायची ती दिवेलागणीनंतर, खुराड्यात. तेव्हा तिला दिसत नाही आणि ती हू की चू करत नाही.

तालुक्याच्या गावात माणूस पशुवैद्यकीय दवाखान्यात जातो, तिथे पशुधन पर्यवेक्षक असतो, साथीच्या आधी लसीकरण लागतं. त्यातले कितीतरी दवाखाने जिल्हा परिषदेचे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही. म्हणजे परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत विक्रमगडची बाई माझ्यापेक्षा सरकारच्या जवळ आहे. एका कचेरीत मी चौकशी केली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "मुंबईत कोंबड्या? कापायच्या की पाळायच्या?" दुसरीकडे सांगितलं, पेशंट घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. मनोरीहून फेरीबोट, बस, मालाडहून लोकल, प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा, आणि हे सगळं मान पिरगळलेली कोंबडी पिशवीत घेऊन. वाटेत रोग किती जणांना वाटायचा?

शहरात जाणकार नाहीत असंही नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे. पशुगणनेत कोंबड्याही मोजतात. विसावी गणना २०१९ ची, एकविसावी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. मोजायला दारात येता येतं, मग टोचायला का नाही?

यावर उपाय मला शोधावा लागला नाही, मी नोकरीभर तोच करत होते. बाळांची क्षयाविरुद्धची बीसीजी लस अशीच अनेक डोसांच्या बाटलीत येते, आणि मिसळल्यावर चार तासांत वापरायची, उरली तर टाकायची. एका बाळासाठी बाटली फोडणं परवडत नाही. म्हणून आम्ही वार ठरवायचो. आदल्या दिवशी वस्तीत निरोप, त्या दिवशी सगळी बाळं एकत्र, बाटली फोडली की संपलीच. कोंबड्यांचंही तेच करा. दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ मनोरी-गोराईला, एक मढ-एरंगळला, एक वर्सोव्याला, एक आरेतल्या पाड्यांना. दर वेळी नवी पिल्लं असतातच. एक माणूस, एक बर्फाचा डबा, दोन बाटल्या. महाविद्यालयातली शिकाऊ मुलं आली तर त्यांचाही हात बसेल. टोचणाऱ्याने डोळ्याला हात लावू नये एवढं मात्र बजावा. लस जिवंत असते, डोळे लाल होऊन दोन दिवस पाणी गळतं.

शहरात कोंबड्या पाळताच कशाला, असं विचारणारं पत्र यावर तुमच्याकडे येईल, मला खात्री आहे. गावठाण आधीचं, शहर नंतरचं, हे एक उत्तर. दुसरं, आम्ही नाही पाळल्या म्हणून इथली पाखरं कमी होणार नाहीत. कावळे आहेत, बगळे आहेत, बाजारात जाळीच्या टोपल्यांतून रोज जिवंत कोंबड्या येतात. आरवण्याची तक्रार मात्र रास्त आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबड्याचं घड्याळ त्याच्या अंगातच असतं, उजेड दिसायच्या आधीच तो आरवतो. त्याला दम देऊन उपयोग नाही. मी खुराड्यावर रात्री जाड गोणपाट टाकते, आवाज थोडा दबतो. शेजारच्या मॅडमना मी अंडीही देते, त्याने जास्त फरक पडतो.

आमच्या बाजूने तयारी आहे. गावात कोणाकडे किती पाखरं आहेत त्याची यादी मी वहीत केली आहे, बायकांना निरोप देणं माझ्याकडे लागलं. माझी पडवी मोठी आहे, नळ जवळ आहे, बर्फ कोणीही देईल. संबंधित खात्याने फक्त तारीख कळवावी, आणि वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी. शेवटची फेरीबोट चुकली तर टोचायला आलेल्या माणसाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय होईल. जेवणात कोंबडी नसेल, मासळी मिळेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मनोरी, मुंबई

(नाव छापू नये ही विनंती. आळीत कोंबड्यांवरून आधीच एक भांडण चालू आहे.)